कॅलिफोर्नियाच्या नगरांतील हवाईयन लोक

लग्नामुंजीच्या पंक्तींत अळूचें फदफदें वाढलेलें नाहीं असें ब्राह्मणाचें घर शोधूं गेल्यास क्वचितच सांपडेल. आपण त्याचीं पानें चिरतों, देंठ सोलतों, श्रावणभाद्रपदांत त्याच्या वड्या करतों, अळकुड्यांची भाजी करतों. परंतु त्या वनस्पतीशीं आपलें नातें तेवढेंच, स्वयंपाकघरापुरतें. पॅसिफिक महासागराच्या मध्यावर असलेल्या हवाई बेटांतील मूळ रहिवाशांचें तसें नाहीं. तेथें हीच वनस्पति, शास्त्रीय दृष्टीनेंहि जात तीच, मनुष्याचा वडील भाऊ मानली जाते. कथा अशी कीं, आकाशरूपी पित्याचें पहिलें अपत्य मृत जन्मलें. तें घराशेजारीं पुरलें तेव्हां त्या जागीं अळूचें रोप उगवलें. पुढें दुसरा पुत्र झाला तो मनुष्य, आणि त्याच्यापासून हवाईयन लोकांचा वंश चालला. धाकट्यानें थोरल्याची निगा राखावी, थोरल्यानें धाकट्याचें पोट भरावें, असा उभयतांचा करार आहे. अळूच्या मुख्य गड्ड्याच्या कडेला जे लहान कोंभ फुटतात त्यांस त्यांच्या भाषेंत 'ओहा' म्हणतात, आणि कुटुंब या अर्थाचा 'ओहाना' हा शब्द त्यावरूनच सिद्ध झाला असें त्यांचे पंडित सांगतात. भूमीला त्यांचा शब्द 'आइना'. 'आइ' म्हणजे खाणें, यावरून जी खाऊं घालते ती 'आइना'. आपल्या 'आई' शब्दाशीं याचा कांहीं संबंध असावा अशी कल्पना कोणा वाचकाच्या मनांत आली असल्यास ती त्यानें तत्काळ सोडून द्यावी. असल्या उच्चारसाम्यावर इमारती उठविणाऱ्या विद्वानांचा आपल्याकडे मुळींच तोटा नाहीं.

भूमि आणि कुटुंब या दोन्ही कल्पना ज्या लोकांनीं एकाच कंदाभोंवतीं गुंफल्या, ते लोक आज राहतात कोठें? अमेरिकेंत दर दहा वर्षांनीं खानेसुमारी होते. २०१० सालच्या गणनेंत स्वतःस मूळ हवाईयन म्हणविणाऱ्यांची संख्या ५,२७,०७७ भरली, व त्यांपैकीं शेंकडा ५५ त्या बेटांवर होते. २०२० सालीं ती संख्या ६,८०,४४२ झाली. पण या वेळीं शेंकडा ५३ बेटांच्या बाहेर होते. एका दशकांत पारडें फिरलें. वंश वाढतो आहे आणि घरीं राहणाऱ्यांचा वांटा मात्र घटत चालला आहे, असा हा विलक्षण हिशेब आहे. बाहेर गेलेल्यांपैकीं सर्वांत मोठी संख्या कॅलिफोर्निया राज्यांत आहे. २००० सालीं तेथें सुमारें ६० हजार हवाईयन होते, २०१० सालीं सुमारें ७५ हजार. हे लोक तेथील कोणत्या नगरांत वसले व कां वसले, एवढाच या लेखाचा विषय आहे. गांवोगांवचे आंकडे देऊन मीं वाचकांस शिणविणार नाहीं. आंकड्यांपेक्षां ते आंकडे ज्या कारणांनीं त्या त्या गांवीं येऊन पडले तीं कारणें अधिक बोधप्रद आहेत.

परंतु प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. हवाईंत राहणारा तो हवाईयन, असा अर्थ आपण सहज करूं. तेथें तो चुकीचा समजतात. हवाई बेटांत ऊंसाच्या मळ्यांसाठीं आणलेल्या जपानी, चिनी, पोर्तुगीज व फिलिपिनो मजुरांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, पण ते स्वतःस हवाईयन म्हणवीत नाहींत. तें नांव मूळ रहिवाशांच्या रक्ताचें. कॅलिफोर्नियांत मात्र या भेदाची फारशी फिकीर कोणी करीत नाहीं. टॉरन्स या गांवीं १९७७ सालीं हवाईहून आलेला एक पावाचा कारखाना आहे. त्याचा गोड 'हवाईयन' पाव सर्व अमेरिकेंत खपतो. तो पाव मूळचा पोर्तुगीज पद्धतीचा आणि कारखाना काढणारे गृहस्थ रॉबर्ट तैरा हे जपानी वंशाचे! तेव्हां एखाद्या गांवीं हवाईयन पदार्थांचीं दुकानें पुष्कळ आहेत म्हणून हवाईयन लोकहि पुष्कळ असतील असें अनुमान करूं नये.

दुसरा घोळ खुद्द खानेसुमारीचा आहे. २००० सालापासून मनुष्यास एकाहून अधिक वंश लिहिण्याची मोकळीक मिळाली. २०२० सालच्या सहा लक्ष ऐशीं हजारांपैकीं केवळ हवाईयन असा एकच वंश लिहिणारे सुमारें दोन लक्षच होते. बाकीच्यांनीं त्यासोबत दुसरेंहि कांहीं लिहिलें. हा भेद पुढें फार महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून तो ध्यानांत ठेवावा. तिसरा शब्द 'मुख्य भूमि'. अमेरिकेच्या खंडस्थ भागास इंग्रजींत 'मेनलँड' म्हणतात आणि आपण त्याचें भाषांतर 'मुख्य भूमि' असें बिनदिक्कत करतों. कित्येक हवाईयन लोकांस हा शब्द खटकतो. आमची मुख्य भूमि तर बेटेंच, असें म्हणून ते पलीकडच्या भागास नुसतें 'खंड' म्हणतात. त्यांचें म्हणणें मला रास्त वाटतें, आणि येथून पुढें मीहि तोच शब्द वापरीन.

होनोलुलूपासून सॅन फ्रान्सिस्को सुमारें चोवीसशें मैल दूर. मध्यें पाण्याशिवाय कांहीं नाहीं. असें असतांहि हवाईयन लोक कॅलिफोर्नियास आले ते अमेरिकेचें राज्य तेथें येण्यापूर्वींच. ते जातीचे दर्यावर्दी. देवमासे धरणाऱ्या आणि व्यापारी गलबतांवर त्यांस मोठी मागणी असे. कॅलिफोर्निया मेक्सिकोच्या ताब्यांत असतां तेथून गुरांचीं कातडीं बोस्टनला जात, आणि तीं कमावून ठेवण्याच्या वखारी सॅन दिएगोच्या किनाऱ्यावर होत्या. रिचर्ड हेन्री डेना हा बोस्टनचा तरुण १८३५ सालीं खलाशी म्हणून तेथें राहिला. १८४० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथांत त्यानें त्या किनाऱ्यावरील हवाईयनांचें मोठ्या जिव्हाळ्यानें वर्णन केलें आहे. एका रशियन जहाजाच्या लोकांनीं पाव भाजण्यासाठीं बांधून सोडून दिलेली एक प्रचंड भट्टी होती. तिच्यांतच वीसएक हवाईयन घर करून राहत. एकाजवळ पैसा असला म्हणजे तो सर्वांचा, आणि तो संपेपर्यंत कोणी कामाला हात लावीत नसे! एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस ही रीत सर्वस्वीं अपरिचित वाटूं नये. आज सॅन दिएगोच्या खानेसुमारींत हवाईयनांचा जो आंकडा दिसतो त्याचा आरंभ या भट्टींतून झाला.

राज्याची राजधानी सॅक्रामेंटो. समुद्रापासून दूर, नदीकांठीं. तेथें हवाईयन कसे? १८३९ सालीं जॉन सटर नांवाचा स्विस साहसी गृहस्थ होनोलुलूहून निघाला तेव्हां हवाईच्या राजाच्या संमतीनें त्यानें सुमारें दहा हवाईयन बरोबर घेतले. त्यांत दोन स्त्रिया होत्या. नदीच्या वरच्या अंगास जाऊन त्यानें जी वसाहत केली तेथील पहिलीं घरें याच लोकांनीं आपल्या देशच्या पद्धतीनें गवतानें शाकारून उभीं केलीं. पुढें १८४८ सालीं त्याच सटरच्या लांकूड कापण्याच्या गिरणीपाशीं सोनें सांपडलें आणि साऱ्या जगाची झुंबड उडाली. हवाईयनहि धांवले. सोन्याच्या त्या मुलुखांत 'कनाका' नांवाचा ओढा आजहि आहे. संस्कृतज्ञास क्षणभर वाटेल कीं सोन्याच्या ओढ्यास याहून समर्पक नांव तें कोणतें! पण हवाईयन भाषेंत 'कनाका' म्हणजे मनुष्य, एवढेंच. त्या किनाऱ्यावरचे गोरे लोक प्रत्येक हवाईयनास त्याच नांवानें हांक मारीत.

हें स्थलांतर पाहून हवाईचें सरकार घाबरलें, आणि त्यास घाबरण्यास सबळ कारण होतें. १७७८ सालीं कॅप्टन कुक तेथें पोंचला तेव्हां त्या बेटांची लोकसंख्या तीन लक्ष तरी असावी असा नेहमींचा अंदाज आहे. कित्येक अभ्यासक ती याहून पुष्कळ अधिक मानतात. गोवर, इन्फ्ल्यूएन्झा इत्यादि बाहेरून आलेल्या रोगांनीं ती झपाट्यानें घटत होती. म्हणून १८५० सालीं कायदा झाला कीं, देशी प्रजाजनांनीं परवानगीवांचून बेटें सोडून कॅलिफोर्नियास किंवा अन्यत्र जाऊं नये. कायद्यानें माणसें किती थांबलीं हा प्रश्न निराळा. १८९० सालच्या गणनेंत शुद्ध व मिश्र मिळून अवघे ४०,६२२ हवाईयन उरले होते. राजा कलाकौआ १८८१ सालीं पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. राज्यावर असतां अशी प्रदक्षिणा करणारा तो जगांतील पहिला राजा. तो कलकत्त्यास उतरून आगगाडीनें आपल्या मुंबईस आला व तेथून मिसरकडे गेला. त्या प्रवासाचा एक उघड हेतु, ओस पडणाऱ्या आपल्या देशाला परदेशांतून मजूर व वसाहतवाले मिळविणें हाच होता. मुंबईच्या गर्दींतून जातांना त्याच्या मनांत काय आलें असेल, असा विचार माझ्या मनांत अनेकदां येतो. हा राजा मरण पावला तोहि कॅलिफोर्नियांतच, सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅलेस हॉटेलांत, २० जानेवारी १८९१ रोजीं.

सोन्याचा भर ओसरल्यावर जे परत गेले नाहींत ते मासे धरूं लागले. सॅक्रामेंटो व फेदर या नद्यांच्या संगमाजवळ अशा हवाईयन कोळ्यांची वस्ती होती. त्यांनीं तेथील मूळच्या रेड इंडियन कुळांत विवाह केले, आणि त्यांचे वंशज आज त्या कुळांत मोडतात. खानेसुमारीच्या कोष्टकांत हे लोक कोणत्या रकान्यांत घालावे? ज्याचा त्यानें सांगितला तो रकाना, असें सरकारचें उत्तर आहे. वंश म्हणजे दगडावरची रेघ असें समजणाऱ्यांनीं या संगमावरच्या वस्तीचा विचार करावा.

आतां सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडील किनाऱ्याकडे वळूं. १८८५ सालीं सॅन मॅटिओ येथील एका लष्करी शाळेंत तीन हवाईयन राजपुत्र शिकत होते. त्यांतील सर्वांत धाकटा जोना कुहिओ कलानियानाओले. त्या उन्हाळ्यांत सांता क्रूझ येथें सॅन लॉरेन्झो नदीच्या मुखाशीं या तिघांनीं तेथल्याच लांकडाच्या लांबलचक फळ्या घेऊन समुद्राच्या लाटांवर उभे राहून स्वारी केली. अमेरिकेच्या खंडावर या खेळाची ही पहिली नोंद समजतात. पुढें १९०७ सालीं जॉर्ज फ्रीथ नांवाचा अंशतः हवाईयन तरुण लॉस एंजेलिसजवळच्या रेडोंडो येथें येऊन लोकांस तो खेळ दाखवूं लागला. बुडणारांस वांचविण्याचें शास्त्रहि त्यानेंच त्या किनाऱ्याला शिकविलें. १९१९ सालीं इन्फ्ल्यूएन्झाच्या साथींत तो सॅन दिएगोस वारला. आज कॅलिफोर्नियाचा किनारा म्हटला कीं लाटांवरची फळी डोळ्यांपुढें येते. ती विद्या कोणाची, हें फळी घेऊन धांवणाऱ्या पोरांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल.

सध्यांच्या वस्तीचा मोठा भाग मात्र या जुन्या लोकांपासून आलेला नाहीं. १८९३ सालीं राणी लिलिउओकलानी पदच्युत झाली, १८९८ सालीं बेटें अमेरिकेनें खालसा केलीं, १९५९ सालीं त्यांचें राज्य बनलें. सरहद्द नाहींशी झाली. दुसऱ्या महायुद्धानें आरमाराची व गोद्यांची वाट मोकळी केली, आणि जेट विमानांनीं दिवसांचा प्रवास तासांवर आणला. नकाशा उघडून पाहिल्यास वस्तीचे गुच्छ बहुधा तेथेंच दिसतील जेथें बंदर, आरमार किंवा कारखाने होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोंवतीं ऑकलंड, हेवर्ड, सॅन होजे. लॉस एंजेलिसच्या दक्षिण अंगास लाँग बीच, कार्सन, गार्डेना, टॉरन्स. त्याहि खालीं ओशनसाइड व सॅन दिएगो. आणि आंत सॅक्रामेंटो. मोठ्या नगरांत संख्या मोठी, परंतु गर्दींत ती विरून जाते. २०१० सालीं साऱ्या राज्यांत पांचशें माणसांमागें एक हवाईयन असें प्रमाण पडत होतें. चिनी लोकांची जशी आळी असते तशी हवाईयनांची आळी कोठें दिसत नाहीं. ते सर्वत्र आहेत आणि म्हणून डोळ्यांत भरण्याइतके कोठेंच नाहींत.

शेजारच्या नेवाडा राज्यांत चित्र अगदीं उलट. तेथें हवाईयन संख्येनें थोडे, २०१० सालीं सुमारें १६ हजार. पण दर १६५ माणसांमागें एक, आणि बहुतेक सर्व एका लास व्हेगासच्या परिसरांत गोळा झालेले. वाळवंटांत समुद्राचे लोक! याचें मूळ द्यूतांत आहे. हवाईंत जुगारास कायद्यानें बंदी. व्हेगासांत तोच मुख्य धंदा. सॅम बॉइड नांवाच्या गृहस्थानें १९३० नंतरच्या दशकांत कांहीं वर्षें हवाईंत काढलीं होतीं. १९७५ सालीं त्यानें व्हेगासांत 'कॅलिफोर्निया' नांवाचें हॉटेल काढलें. नांवावरून कोणती गिऱ्हाइकें त्याच्या मनांत होतीं तें उघड आहे; पण धंद्याचा जम बसेना तेव्हां त्यानें हवाईच्या लोकांस विमानभाड्यासकट स्वस्त सफरी देण्यास आरंभ केला, आणि पानांत भात व त्यांच्या आवडीचें कालवण वाढलें. जे चार दिवसांसाठीं आले त्यांनीं घरांच्या किमती पाहिल्या. हवाईचीं मुख्य बेटें आठ. व्हेगासला ते लोक 'नववें बेट' म्हणतात. धर्मराजानें द्यूतांत राज्य घालविलें हें आपण वाचतों. द्यूताच्या निमित्तानें घर मिळविणारे मात्र हेच पाहण्यांत आले. येथें एक इशारा दिला पाहिजे. ज्या रस्त्यावर तीं जगप्रसिद्ध हॉटेलें आहेत त्याचा बहुतेक भाग व्हेगास नगराच्या हद्दींत नसून 'पॅराडाइज' नांवाच्या वस्तींत पडतो, जिला नगरपालिकाच नाहीं. केवळ नगरांचे आंकडे पाहणारा मनुष्य अशा हजारों लोकांस मुकतो. म्हणून नगराबरोबर जिल्ह्याचाहि आंकडा पाहावा.

घरांच्या किमती हें आजच्या स्थलांतराचें खरें कारण. ओआहू बेटावर, जेथें होनोलुलू आहे, स्वतंत्र घराची मध्यम किंमत २०२१ सालीं दहा लक्ष डॉलरांवर गेली. अन्न बहुतेक जहाजांनीं बाहेरून येतें, तेव्हां तेंहि महाग. प्रवाशांची सेवा हा मुख्य धंदा, आणि त्या सेवेच्या पगारांत असें घर होत नाहीं. २०२३ सालच्या ८ ऑगस्टला माउई बेटावरील लाहैना हें जुनें राजधानीचें गांव आगींत भस्म झालें. शंभराहून अधिक माणसें दगावलीं आणि हजारों लोक बेघर झाले. त्यांतील कांहीं कुटुंबांनींहि खंडाची वाट धरली.

मग हवाईयनांस स्वतःच्या देशांत भूमि मिळावी अशी कांहींच तजवीज नाहीं काय? आहे, आणि ती करणारा पुरुष म्हणजे सांता क्रूझच्या लाटांवर खेळणारा तोच राजपुत्र कुहिओ. राज्य गेल्यावर तो अमेरिकेच्या काँग्रेसमध्यें बेटांचा प्रतिनिधि झाला आणि १९२१ सालीं त्यानें एक कायदा करवून घेतला. त्यान्वयें सुमारें दोन लक्ष एकर जमीन हवाईयनांस वसण्यासाठीं राखून ठेवली, नाममात्र भाड्यानें, ९९ वर्षांच्या करारावर. अंगांत बत्तिसावा हिस्सा हवाईयन रक्त असलें तरी हक्क असावा असें आरंभींच्या मसुद्यांत होतें. ऊंसवाल्यांच्या दडपणाखालीं वाटाघाटी होऊन तो हिस्सा निम्म्यावर आला. आज त्या जमिनीसाठीं थांबलेल्यांच्या यादींत सुमारें २९ हजार नांवें आहेत. दशकें वाट पाहून त्या यादींतच मेलेले लोक हजारांनीं मोजावे लागतात.

आतां कॅलिफोर्नियाच्या कोष्टकाकडे पुन्हा पाहावें. हेवर्डला किंवा कार्सनला राहणारा मुलगा तेथेंच लहानाचा मोठा होतो, आणि पांचशेंत एक या प्रमाणांत त्याला हवाईयन वधू मिळण्याचा संभव किती? निम्म्या रक्ताच्या पित्याची इतर वंशाच्या स्त्रीपासून झालेली मुलें पाव हिश्शाचीं. पित्याजवळ अगोदरच जमीन असेल तर पाव हिश्शाच्या मुलास ती वारसा म्हणून मिळूं शकते. पण पिता यादींतच तिष्ठत असेल तर त्या मुलास स्वतःच्या नांवें अर्जहि करतां येत नाहीं. घर न मिळाल्यामुळें बाहेर जावें, आणि बाहेर गेल्यामुळें घराचा हक्क गमवावा, असा हा फेरा आहे. १८५० च्या कायद्यानें लोकांस जाऊं नका म्हणून सांगितलें. १९२१ च्या कायद्यानें जाऊं नका म्हटलें नाहीं, पण गेलेल्यांच्या नातवंडांस दार लावून घेतलें. खानेसुमारी मात्र रक्ताचा हिस्सा विचारीत नाहीं. तिच्या दृष्टीनें बत्तिसाव्या हिश्शाचाहि हवाईयनच. म्हणून कोष्टकांतली संख्या वाढत राहणार आणि जमिनीचे हक्कदार घटत राहणार. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या.

मग खंडावरच्या या लोकांनीं आपलेपण कशावर टिकवावें? भूमि नाहीं, आणि भाषाहि फारशी नाहीं. १८९६ सालीं शाळांतून हवाईयन भाषेचें माध्यम कायद्यानें बंद केलें. १९८४ पासून बालशाळा निघून ती भाषा पुन्हा शिकविली जाऊं लागली, पण त्या शाळा बेटांवर. कॅलिफोर्नियांत त्यांची खरी पाठशाळा म्हणजे 'हालाउ', हुला नृत्य शिकविणारें गुरुकुल. गुरूस 'कुमु' म्हणतात. नृत्य नुसतें अंगविक्षेपांचें नव्हे; प्रत्येक हस्ताला शब्द असतो, त्या शब्दांत वंशावळी, पर्वतांचीं व वाऱ्यांचीं नांवें असतात, आणि तीं मुखोद्गत करावीं लागतात. ज्यानें लहानपणीं संथा घेतली आहे त्यास ही पद्धति समजावून सांगण्याची गरज नाहीं. सॅन फ्रान्सिस्कोंत पॅट्रिक मकुआकाने यांनीं १९८५ सालीं असें गुरुकुल काढलें, आणि २०२३ सालीं त्यांस मॅकआर्थर शिष्यवृत्तीचा मोठा मान मिळाला. हिलो येथें राजा कलाकौआच्या स्मरणार्थ दरवर्षीं हुलाच्या स्पर्धा भरतात. तेथें कॅलिफोर्नियाचीं पथकेंहि उतरतात. शिष्यांत सर्वच हवाईयन नसतात, आणि गुरु तशी अट घालीत नाहींत.

याशिवाय मंडळें आहेत. पहिलें हवाईयन नागरिक मंडळ १९१८ सालीं होनोलुलूंत निघालें, तेंहि कुहिओच्याच प्रेरणेनें; आतां तशीं मंडळें व्हेगासांत व कॅलिफोर्नियांतहि आहेत. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेस असलेल्या एका मंडळाच्या नांवांत 'कालेपोनी' असा शब्द येतो. मला तो प्रथम उलगडेना. मग ध्यानांत आलें कीं, हवाईयन वर्णमालेंत फ नाहीं, र नाहीं. फ चा प होतो, र चा ल होतो. कालेपोनी म्हणजे कॅलिफोर्निया. परका प्रांत त्यांनीं आपल्या तोंडांत बसवून घेतला आहे.

दुकानांतून अळूचा गड्डा उकडून, कुटून केलेली 'पोई' मिळते. ती बेटांवरून गोठवून आणतात, म्हणून महाग पडते, आणि रोजच्या जेवणांत नसते. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला, जो ते आपल्या बारशामुंजीइतक्याच थाटानें करतात, तेव्हां ती पानांत असते. पुढील खानेसुमारी १ एप्रिल २०३० रोजीं आहे.